आधी क्रिया, मग हत्यार: घरच्या सायकलची चेन आणि तिची अवजारं



या मालेत आपण 'साधन' या एका शब्दाचा विचार करतो आहोत. ज्ञानाचं साधन, श्रमाचं साधन, जगण्याचं साधन. आजचा विषय त्यातलाच आहे, फक्त जरा तेलकट. घरच्या घरी सायकलची चेन, दातेरी चाकं, क्रँक आणि गिअर यांची निगा राखायची असेल तर कोणती हत्यारं घ्यावीत, कोणती घेऊ नयेत आणि हे ठरवायचं कशावरून?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी पाना-पकडीवर का बोलावं, असं कुणी विचारेल. कोल्हापुरात तरी विचारू नये. या गावात उद्यमनगर आहे, म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदराने घेतलं जातं, इथल्या भट्ट्यांतून ओतलेले भाग लांबलांबच्या यंत्रांत फिरतात. अशा गावात हत्यार हा विचाराचाच विषय आहे. शिवाय पहाटे पन्हाळ्याच्या चढाला लागणाऱ्या गिअरच्या सायकली पाहा आणि त्याच वेळी पेठांतून पेपर टाकत जाणारी साधी सायकल पाहा. पहिल्याची चेन तुटली तर रविवार वाया जातो. दुसऱ्याची तुटली तर दिवसाची कमाई जाते. प्रश्न दोघांनाही एकच आहे: आपल्या यंत्राचं काय चाललंय हे आपल्याला कळतं का, की प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं?

हत्याराला क्रियापद लागतं

सुरुवात व्याकरणापासून करू. पाणिनीने अष्टाध्यायीत कारकं सांगितली, त्यांत एक 'करण'. एखादी क्रिया सिद्ध होताना जे सर्वांत जास्त उपकारक ठरतं, ते करण. मराठीत आपण त्याला तृतीया लावतो. 'पान्याने नट सोडवला.' इथे पाना हे करण. पण लक्षात घ्या, पाना हा जन्मतः करण नाही. नट सोडवण्याची क्रिया आहे म्हणून तो करण आहे. त्याच पान्याने कुणी खिळा ठोकू लागला तर तो वाईट हातोडी होतो.

म्हणून 'सर्वांत चांगलं हत्यार कोणतं?' हा प्रश्न अर्धवट आहे. त्यात क्रियापद नाही. दुकानात जाऊन किंवा मोबाइलवर बोट फिरवून आपण नेमकं हेच करतो. आधी नाम विकत घेतो आणि मग त्याला क्रियापद शोधत बसतो. क्रम उलटा हवा. आधी कामांची यादी, मग हत्यारांची.

चेन आणि गिअरच्या बाबतीत क्रिया मोजक्याच आहेत. मोजणं, पुसणं आणि तेल देणं, तोडणं-जोडणं, सोडवणं-आवळणं आणि गिअर जुळवणं. प्रत्येक क्रियेला आपण तीन प्रश्न विचारू. हे काम वर्षात किती वेळा निघतं? त्याला किती जोर लागतो? आणि चुकलं तर काय बिघडतं? या तीन उत्तरांवरून हत्यार घरी हवं की मेस्त्रींकडे, हे जवळजवळ आपोआप ठरतं.

चेन ताणत नाही, झिजते

आता यंत्र समजून घेऊ. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी बुश आणि रोलर असलेल्या चेनचं पेटंट घेतलं. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. चेन मागच्या चाकाला फिरवते आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी. त्याआधीच्या उंच सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकाला असायचं, म्हणून वेग हवा तर चाक मोठं करावं लागे. चेनने ती अडचण दूर केली. समजा पुढच्या चाकाला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास अडीच फेरे घेतं, आणि २८ इंची चाकावर आपण सुमारे साडेपाच मीटर पुढे जातो.

या चेनचं एक माप सगळीकडे सारखं आहे. एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. काळी साधी सायकल असो की बारा गिअरची, हे अंतर तेच. बदलते ती रुंदी. साध्या सायकलची चेन जाड, आठ गिअरची बाहेरून सुमारे ७ मिलिमीटर, अकरा गिअरची साडेपाचच्या आसपास. हे ध्यानात ठेवा, चेन कटर घेताना उपयोगी पडेल.

आपण म्हणतो, 'चेन लांबली', 'चेन ताणली'. खरं तर पट्ट्या ताणत नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो आणि प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते. एका सांध्यात मिलिमीटरचा सोळावा भाग, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण वीस सांध्यांची बेरीज सव्वा मिलिमीटर होते. आता दाते अर्ध्या इंचावर कापलेले आणि चेन अर्ध्या इंचापेक्षा जास्त. मग चेन दात्यांच्या खोबणीत नीट न बसता वर चढते आणि दात्यांनाही आपल्या मापाचं करून घेते. दाते एका बाजूला वाकडे, टोकदार दिसू लागतात. चेन वेळेवर बदलली तर एकट्या चेनचा खर्च. उशीर केला तर चेन, मागचा कॅसेट आणि कधी पुढचं चाकही. पैशाचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून मोजण्याचं साधन आधी.

मोजण्याचं हत्यार: प्रमाण

न्यायदर्शन प्रमाण कशाला म्हणतं? यथार्थ ज्ञानाचं जे करण, ते प्रमाण. पुन्हा तोच शब्द, करण. म्हणजे हत्यारांचे सरळ दोन वर्ग पडतात. काही करण्याची, काही कळण्याची. घरात करण्याची हत्यारं खंडीभर असतात, पण कळण्याचं एकही नसतं.

चेनची झीज कळण्यासाठी बाजारात 'चेन चेकर' मिळतो. चांगला आहे, झटपट आहे. पण त्याआधी एक साधी गोष्ट करून पाहा. ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी घ्या. प्लॅस्टिकची नको, अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली पोलादी. चेन सायकलवरच ठेवा, मागचा ब्रेक दाबून पेडलवर थोडा भार द्या म्हणजे वरची बाजू ताठ होईल. एका पिनेच्या डाव्या कडेवर पट्टीची १ सेंटिमीटरची रेघ लावा. शून्यावरून मोजू नका, पट्टीचं टोक बहुधा झिजलेलं असतं. हे उद्यमनगरातला कुठलाही टर्नर सांगेल. आता पुढची विसावी पिन गाठा आणि तिचीही डावीच कड वाचा.

नवी चेन असेल तर अंतर २५४ मिलिमीटर, कारण वीस अर्धे इंच म्हणजे दहा इंच. अकरा-बारा गिअरच्या सायकलीत २५५.३ च्या आसपास गेलं, म्हणजे अर्धा टक्का झीज झाली, की चेन बदलावी. दहापर्यंत गिअर असतील तर २५६ पर्यंत थांबता येतं, ती पाऊण टक्का झीज. साध्या, एका गिअरच्या सायकलीत २५६.५, म्हणजे एक टक्का. हे सर्वसाधारण संकेत आहेत, पण रोजच्या वापराला पुरेसे.

या पट्टीचा एक गुणही आहे. बाजारातले बरेच साधे चेन चेकर दोन ठिकाणी टेकतात आणि दोन रोलरना विरुद्ध दिशांना ढकलतात. त्यामुळे रोलरची स्वतःची ढिलाईही झिजेत मिसळते आणि चेन आहे त्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. तीन ठिकाणी टेकणारे चेकर ही चूक टाळतात. पट्टी तर थेट पिनेपासून पिनेपर्यंतच मोजते. तेव्हा चेकर घ्यायचाच असेल तर तीन टेकूंचा घ्या. नाही तर पट्टी पुरे आहे. महाग साधन नेहमीच जास्त खरं बोलतं असं नाही.

रोजची कामं: फडकं, ब्रश, तेल

सर्वांत जास्त वेळा निघणारं काम म्हणजे पुसणं आणि तेल देणं. जोर लागत नाही, चुकलं तर फारसं बिघडत नाही. म्हणून ही साधनं घरीच हवीत आणि ती स्वस्तच असावीत. जुन्या बनियनचं फडकं, जुना टूथब्रश, दात्यांमधला चिकटा काढायला एक पातळ काडी. धुवायला रॉकेल किंवा डिग्रीझर, तेही थोडं, उघड्यावर आणि चुलीपासून, उदबत्तीपासून लांब. उरलेलं काळं पाणी गटारात ओतू नका. गटार शेवटी पंचगंगेलाच जाऊन मिळतं.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब. पेडल उलटं फिरवत एक वेढा पूर्ण करा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि मग बाहेरचं सगळं पुसून टाका. झीज होते ती पिनेपाशी, आत. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं आणि तेल-धुळीचं मिश्रण म्हणजे घासायची पेस्ट. आपल्याकडचा पाऊस बघता जून ते सप्टेंबर जरा घट्ट, पाण्याने न धुपणारं तेल बरं. उन्हाळ्यात पातळ, कोरडं राहणारं. गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं तेल नव्हे. तो आत शिरतो, असलेलं तेल सैल करतो आणि उडून जातो.

एक निषेधही सांगतो. गाड्या धुण्याच्या केंद्रावर सायकल जोराच्या फवाऱ्याखाली धरू नका. पाणी हबमध्ये आणि क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगमध्ये घुसतं.

तोडणं-जोडणं आणि सोडवणं-आवळणं

चेन बदलणं वर्षा-दीड वर्षात एकदा, वापर जास्त असेल तर दोनदा. जोर कमी, पण नेमकेपणा हवा. यासाठी चेन कटर लागतो, त्याच्या स्क्रूने पिन ढकलून बाहेर काढतात. कटर घेताना आपल्या चेनची रुंदी सांगा. साध्या सायकलच्या जाड चेनचा कटर अकरा गिअरच्या चेनला ढिला बसतो, पिन तिरकी होते आणि कटरचं टोकच वाकतं. बदली टोक मिळतं का, हे दुकानात विचारा. ते मिळत असेल तर हत्यार दहा वर्षं चालेल.

जोडण्यासाठी पिन परत ठोकण्यापेक्षा जोडकडी, म्हणजे क्विक लिंक, वापरावी. ती बसवायला हत्यार लागत नाही. कडी वरच्या बाजूला आणा, ब्रेक दाबा, पेडलवर भार द्या, खटकन बसते. काढायला मात्र पकड लागते. साध्या सायकलच्या चेनला क्लिपचं लॉक असतं. त्याचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला आणि उघडं टोक मागे. उलटं लावलं तर काहीतरी अडकून क्लिप निघू शकते.

आता पाने. गिअरच्या सायकलीला ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरच्या ॲलन की आणि पेडलसाठी १५ चा पाना. इथे पैसा वाचवू नका. मऊ लोखंडाच्या ॲलन कीचे कोपरे गोल होतात आणि स्क्रूचं डोकं सोबत घेऊन जातात. नाशिकच्या टपारियासारखी किंवा जालंधरच्या कारखान्यांतून येणारी चांगल्या पोलादाची हत्यारं आपल्याकडे सहज मिळतात. प्रत्येक वेळी परदेशी निळ्या दांड्यांचीच हवीत असं नाही. गिअर जुळवायचे बारीक स्क्रू बहुतेक जपानी मापाचे असतात. साधा फुली स्क्रू ड्रायव्हर त्यात दोन वेळा घसरला की खोबण गेलीच. जेआयएस मापाचा एक छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठेवा.

आणि एक ज्ञान, जे विकत मिळत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजवी वाटीही तशीच उलटी. हे माहीत नसेल तर चांगला पाना म्हणजे चांगल्या प्रकारे मोडण्याचं साधन.

जोराची कामं आणि तालमीचा मुद्गल

उरली ती कामं, जी दोन-तीन वर्षांतून एकदा निघतात, खूप जोर मागतात आणि चुकली तर मोठं नुकसान करतात. कॅसेट काढायचा तर लॉकरिंगचं हत्यार आणि दाते धरून ठेवणारा चेन व्हिप. क्रँक काढायचा तर पुलर. त्याचे आटे क्रँकमध्ये पूर्ण आत गेले नाहीत आणि तुम्ही जोर लावला, तर ॲल्युमिनियमचे आटे उपटून बाहेर येतात. क्रँक गेला. फ्रीव्हीलची तर तऱ्हाच वेगळी. सायकल चालवता चालवता ते स्वतःच घट्ट होत जातं. ते सोडवायला व्हाइसमध्ये हत्यार धरून अख्खं चाक स्टिअरिंगसारखं फिरवावं लागतं. जपानमधल्या साकाई गावात १९२१ साली शिमानो सुरू झाली ती फ्रीव्हील बनवण्यापासूनच. तो भाग लहान दिसतो, पण पोलाद आणि अचूकता यांची परीक्षा घेतो.

ही हत्यारं प्रत्येक घरी असू नयेत, असं आमचं मत. ती मेस्त्रींकडे असावीत, किंवा सामायिक असावीत. तालमीतला मुद्गल कुणा एकाचा नसतो, ज्याला फिरवता येतो तो फिरवतो. तसा एक पुलर, एक चेन व्हिप आणि एक व्हाइस गल्लीतल्या तालीम मंडळात ठेवायला काय हरकत आहे? २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. गाळाचं पाणी ज्या सायकलीत शिरलं, तिची चेन वरून वाळलेली दिसते, पण रोलरच्या आत गंज धरतो आणि हब-एक्सलमधलं ग्रीस चिखल होतं. अशा वेळी एकाच आठवड्यात शेकडो सायकली उघडाव्या लागतात आणि मेस्त्री मात्र तेवढेच. सामायिक हत्यार ही काटकसर आहेच. संकटाच्या वेळी ती तयारीही ठरते.

मेस्त्रींची भाकरी जाईल का? जाणार नाही. जो माणूस चेन मोजतो तो वेळेवर त्यांच्याकडे जातो आणि त्यांना नीट सांगतो. न्यायशास्त्रात शब्द हेही प्रमाण आहे, पण तो आप्ताचा शब्द हवा. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, तो आप्त. चांगला मेस्त्री आप्त असतो. जाहिरात आप्त नसते.

प्रश्नोत्तरं

*एक श्रोता: सर, अठरा-वीस हत्यारांचं किट एकत्र स्वस्त पडतं. ते घेऊ का?*

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये डेल्फीच्या सुरीचा उल्लेख केला आहे. अनेक कामांसाठी एकच बनवलेली सुरी. निसर्ग असा कद्रूपणा करत नाही, एका वस्तूला एकच काम देतो, असा त्याचा रोख. खिशातलं घडीचं मल्टिटूल ही आजची डेल्फीची सुरी. वाटेत गाडी अडली तर ते उत्तम, घाटात जाताना जरूर न्या. घरी रोजच्या कामाला नको. मोठ्या किटची गोष्ट उलट आहे. त्यात प्रत्येक हत्याराला एकेक काम आहे, पण त्यातली निम्मी कामं तुमच्या सायकलीत नाहीत. आपली सायकल समोर ठेवा, कोणकोणते नट-स्क्रू आहेत ते लिहा, मग किटची यादी पाहा. बारापेक्षा जास्त जुळली तर घ्या. नाही तर सुटी घ्या, एकेक, काम निघेल तशी.

*एक श्रोती: माझी साधी सायकल आहे, गिअर नाहीत. कमीत कमी काय लागेल?*

पोलादी पट्टी, फडकं-ब्रश, तेलाची बुधली, मागच्या चाकाच्या नटाला बसणारा रिंग पाना, बहुधा १५ चा, पण आपल्या नटावर बसवून पाहून घ्या. आणि एक पकड. मागचे नट ढिले करून चाक मागे ओढलं की चेन ताठ होते. मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा इंच वर-खाली झाली पाहिजे. फार ताठ केली तर बेअरिंगवर भार येतो. कॉटर पिनेचा क्रँक हलत असेल तर घरी हातोडी मारू नका, मेस्त्रींकडे न्या. एवढंच. शाळा-कॉलेजच्या सायकलला याहून जास्त लागत नाही.

*एक श्रोता: मी नवी चेन घातली, तरी जोर दिला की घसरते. चेन खराब निघाली का?*

'घसरते, म्हणून चेन खराब.' या अनुमानातला हेतू सव्यभिचार आहे. म्हणजे चेन चांगली असतानाही घसरणं घडू शकतं. जुने दाते जुन्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, त्यांच्यावर नवी चेन बसत नाही. केबल ढिली असेल तरी घसरते. गिअरचा हँगर वाकला असेल तरी घसरते. मग ओळखायचं कसं? ती एकाच दात्यावर घसरते का पाहा. जो दाता तुम्ही सर्वांत जास्त वापरता त्याच्यावरच घसरत असेल आणि बाकीच्यांवर नाही, तर झिजलेला दाता. कॅसेट बदला. सगळ्याच दात्यांवर अर्धवट उडत असेल, तर आधी केबलचा ताण शिफ्टरजवळच्या किंवा डिरेलरच्या फिरकीने पाव फेरा वाढवून पाहा. याला हत्यार लागत नाही, दोन बोटं लागतात. त्यानेही गेलं नाही तर मागून डिरेलर दात्यांना समांतर आहे का ते बघा. तिरका दिसला तर मेस्त्रींकडे जा आणि त्यांना एवढंच सांगा: 'चेन नवी आहे, केबल तपासली, हँगर वाकलेला वाटतो.' ते पाच मिनिटांत खरं-खोटं करतील.

आज इथेच थांबू. पुढच्या व्याख्यानाला येताना आपापल्या चेनचं माप लिहून आणा, मिलिमीटरमध्ये.